मोठी साफसफाई मे महिन्यात करा, दिवाळीची वाट बघू नका

दरवर्षी हे सांगते, अनेकांना पटत नाही, तरी याही वर्षी सांगणार आहे. घराची मोठी साफसफाई मृगाच्या आधी झाली पाहिजे. दिवाळीला आपण माळे उपसतो, डबे घासतो, पंख्यांची पाती पुसतो, पडदे धुतो. चार महिन्यांची ओल आणि कुबट वास घालवायला ते हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण तोवर पावसाळ्याने द्यायचा तो त्रास देऊन झालेला असतो. कुणाला डेंग्यू होऊन गेलेला असतो, कुणाची कावीळ उतरत असते, मीटरच्या पेटीत दोनदा ठिणग्या उडालेल्या असतात. आजारपणं काढून झाल्यावर घर लख्ख करायचं हा क्रमच मला उलटा वाटतो.

माझं माहेर कोकणातलं. तिथे आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधीचा महिना म्हणजे घरातल्या प्रत्येकाला काम. कौलं परतायची, पन्हळी आणि गटारं मोकळी करायची, विहिरीतला गाळ काढायचा, पडवीला झापं बांधायची, लाकडं नि शेणी कोरड्या जागी रचायच्या. सुकी मासळी, सोलं, कुळीथ, वर्षाचं तिखट, सगळं डब्याबरण्यांत भरून ठेवायचं. गोव्यात यालाच पुरुमेत म्हणतात, मडगावला त्याचं फेस्तही भरतं. आज बारा महिने दुकानं उघडी असतात, गॅस घरपोच येतो, तेव्हा लाकडं साठवायची गरज उरली नाही हे खरं. पण पाऊस यायच्या आधी घर तपासायचं ही सवयही आपण त्याच्याबरोबर सोडून दिली. माझी खरी तक्रार ती आहे. आता मेअखेरीस आपण एक नवी छत्री घेतो आणि तयारी झाली म्हणतो.

मृग ७ जूनच्या आसपास लागतो. त्याआधीचे दोन-तीन रविवार पुरेसे आहेत.

सगळ्यात आधी डास. राष्ट्रीय डेंग्यू दिन १६ मेला असतो, तो काही उगाच नाही. तयारीची वेळ तीच असते. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागच्या बाजूला खाली असलेला पाण्याचा ट्रे, गॅलरीत उलटी करायची राहिलेली बादली, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घडीत साचलेलं ओंजळभर पाणी, न वापरता बंद करून ठेवलेला कूलर. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. बहुतेक लोक इथपर्यंत ऐकतात, पाणी ओततात आणि भांडं परत जागेवर ठेवतात.

पण अंडी पाण्यात तरंगत नसतात. मादी ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. काळी, राईच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, नुसतं बघून मळच वाटेल अशी. पाणी ओतलं तरी ती कडेलाच राहतात. सुकली तरी मरत नाहीत, महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की अळ्या बाहेर पडतात. म्हणून पिंप, टाकी, ताटली, सगळं काथ्याने किंवा ब्रशने आतून खसखसून घासायचं आणि मग उन्हात पालथं घालायचं. मे महिन्याचा आग्रह मी धरते तो याचसाठी. गेल्या पावसाळ्यातली अंडी त्या कोरड्या कूलरच्या कडेला अजून असू शकतात, पहिल्या सरीची वाट बघत.

धूरफवारणीबद्दलही बोलते. सोसायटीत एकाला डेंग्यू झाला की नगरपालिकेला फोन जातात, गाडी येते, धूर होतो, सगळ्यांना बरं वाटतं. धुराने उडते डास मरतात. अळ्या आणि अंडी जिथल्या तिथे असतात, आठवड्याने नवे डास तयार. हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे आपल्याला चावणारा बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो. फवारणीची मागणी करणाऱ्याने आधी स्वतःच्या गॅलरीतल्या ताटल्या उचलाव्यात, असं मी आमच्या सभेत स्पष्ट बोलले होते. चार जणांना राग आला, पण ताटल्या उचलल्या गेल्या. आणि हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या लहान बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला मच्छरदाणी दुपारीच लावा.

आता पाणी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातापायांतली ताकद घालवणारा आजार) रुग्ण एकामागून एक सापडायला लागले, तेव्हा कितीतरी घरांनी पहिल्यांदा आपल्या नळाच्या पाण्याकडे नीट बघितलं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस मिळाले होते, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारे. पावसाळ्यात तर गढूळ पाणी, फुटलेल्या जलवाहिन्या आणि शेजारून वाहणारं सांडपाणी यांची गाठ पडतेच. अशा वेळी साधा उपाय सगळ्यात भरवशाचा. पाणी गाळून घ्या, खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर उकळू द्या, झाकूनच निववा. पाण्याला नुसता चटका देऊन गॅस बंद केला तर उपयोग नाही. निवलेलं पाणी परत कळकट माठात ओतून त्यात हात घालून पेला बुडवायचा असेल, तर उकळायचे कष्टही वाया. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ वापरा. उकळायची सोय नसेल तर मेडीक्लोर चालतं. बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब घालायचे आणि निदान अर्धा तास थांबायचं. थेंब टाकून लगेच तोंडाला लावलं तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. गावाकडे विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडतेय का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे. घरात गरोदर बाई असेल तर पाण्याच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

आणि जुलाब लागलेच तर ओआरएस. हे पाकीट घरात आधीच असायला हवं. रात्री दोन वाजता पोराला उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर दुकान शोधत फिरणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, निम्मं पाकीट अंदाजाने निम्म्या तांब्यात नाही. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून टाकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवायचं नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच ग्लुकोज-मिठाचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. औषधाच्या दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जात होती, त्यांच्या नावात ते शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे हे वाचूनच घ्या. जुलाबात जास्त साखरेचं पाणी त्रास वाढवतं.

औषधांचा डबा काढलाच आहे तर मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला करा. पावसाळ्यातल्या तापाला डॉक्टरांना दाखवेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखी फार आहे म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळी घेऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुराच्या, तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदरांच्या लघवीतून पाण्यात मिसळणारा हा जंतू आहे. लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्या असतात, पण त्या वेळेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही पोस्ट लिहायला बसले ती. कपडे वाळत घालायची तार.

दर पावसाळ्यात पेपरात एक बातमी असते. पत्र्याचं घर, ओले कपडे, लोखंडी तार, विजेचा धक्का, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं गेली. मीटरकडून येणारी वायर पत्र्याच्या धारदार कडेवर वर्षानुवर्षं घासत असते. वरचं आवरण सोललं जातं. उन्हाळाभर काही होत नाही. पहिला पाऊस पडला की पत्रा ओला, पत्र्यात वीज उतरते, आणि पत्र्याच्या अँगलला बांधलेल्या कपड्यांच्या तारेतही. आई ओलं लुगडं टाकायला हात लावते आणि चिकटते. तिला ओढायला मुलगा धावतो, त्याला ओढायला बाप. म्हणून एका जागी तीन माणसं जातात. हे वाचून माझ्या पोटात कालवतं, कारण यातला एकही मृत्यू अटळ नव्हता. लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधायला पन्नास-शंभर रुपये लागतात. आजच्या आज बांधा. आपल्या घरी बांधून झाली की घरकामाला येणाऱ्या ताईंच्या घरी, गावाकडच्या काकांच्या घरी, बांधावरच्या खोपटात कोणती तार आहे ते विचारा.

दुसरं म्हणजे घरात आरसीसीबी आहे का ते बघा. जुन्या लोकांच्या तोंडी ईएलसीबी. बोर्डावर एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो, माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती झाली की क्षणात वीज तोडतो. त्यावर टेस्ट लिहिलेलं एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडला तर चालू आहे, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मजुरीसकट काही हजारांचं काम. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार असलेल्या घरात नवा सोफा घेण्याआधी हे झालं पाहिजे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. आणि कुणी चिकटलेलं दिसलं तर हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. तो स्विच कुठे आहे हे घरातल्या आठ-दहा वर्षांच्या पोरालाही माहीत हवं.

गॅसचं थोडक्यात सांगते. शेगडीच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी, किंवा त्याआधी चीर दिसली तर तेव्हाच, नळी बदला. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. जास्त साफ होईल म्हणून दोन्ही घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शेंगदाण्यांना बुरशी आली असेल तर पुसून, भाजून वापरू नका, फेकून द्या, ते विष भाजून जात नाही.

गावाकडे जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून झोपा. डासांसाठी आणि मण्यारसाठीही. मण्यार रात्री चावते, चावल्याचं फारसं दुखत नाही, सकाळी पोटात दुखतंय किंवा पापण्या जड झाल्यात म्हणून लोक गोळी घेत बसतात आणि वेळ जातो. दोरी आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात पोचा. लाकडांचा, विटांचा ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नका, उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ज्यांची कागदपत्रं खालच्या कपाटात होती त्यांना पंचनाम्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे हेलपाटे पडले. रेशनकार्ड, सातबारा, विम्याचे कागद, पोरांचे दाखले एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर. फोटो काढून एक प्रत लांब राहणाऱ्या नातेवाइकाच्या फोनमध्येही.

हे सगळं एकट्या बाईच्या डोक्यावर टाकू नका. आपल्याकडे घर म्हणजे तिचं खातं, आणि ती आजारी पडली की ओआरएस कुठे ठेवलंय ते कुणालाच सापडत नाही. टाकी घासणं, तार बदलणं, बटण दाबून बघणं, यातलं कुठलंही काम बाप्याला न जमण्यासारखं नाही. आमच्याकडे मी मेचा पहिला रविवार पाण्याला, दुसरा विजेला आणि तिसरा औषधं-कागदांना दिलाय, आणि विजेचा रविवार सासऱ्यांनी स्वतःहून मागून घेतला.

सोसायटीच्या टाकीचं मात्र एका घराने ठरवून होत नाही. टाकीचं झाकण घट्ट बसतंय का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, हे आपल्या सेक्रेटरींना आजच विचारा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर जिने चढा आणि स्वतः बघून या, फोटो काढून ग्रुपवर टाका. आमची टाकी ३१ मेच्या आत धुवून घ्यायचं ठरलंय. त्या दिवशी सकाळी पाणी बंद राहील म्हणून काही जण कुरकुरतायत. त्यांच्या दोन बादल्या मी भरून ठेवणार आहे.