खुलासा : गैरप्रकार कळवणारा सरकारी कर्मचारी ‘नाराज’च असतो का?

सरकारी कार्यालयातील गैरप्रकाराची तक्रार करणारे कर्मचारी बढती हुकलेले, वरिष्ठांवर डूख धरणारे किंवा बक्षिसाच्या आशेने पुढे आलेले असतात, असा मजकूर सध्या फिरत आहे. उपलब्ध अभ्यास या सरसकट दाव्याला दुजोरा देत नाहीत.

अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड’ या मंडळाच्या 1992 च्या सर्वेक्षणावर आधारित, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रुअर आणि सेल्डन या संशोधकांच्या अभ्यासात, तक्रार करणारे कर्मचारी तुलनेने चांगले काम करणारे आणि लोकहिताला महत्त्व देणारे आढळले. याच मंडळाच्या 2010 च्या सर्वेक्षणात, शिक्षा किंवा बक्षीस यांपेक्षा गैरप्रकारामुळे कोणाचा जीव धोक्यात येतो का, हा विचार कर्मचाऱ्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. कार्यालय तक्रारीची दखल घेणार का, हा प्रश्नही त्यांना स्वतःला होणाऱ्या त्रासाच्या भीतीपेक्षा महत्त्वाचा वाटला.

साठा नोंदवहीत न चढलेल्या मालाचे देयक मंजुरीसाठी समोर येते, तेव्हा लिपिकाला आठवते ती मागच्या तक्रारीची फाइल, जी शेरा न पडताच कपाटात गेली. तो गप्प बसतो, आणि त्याला सरळ ‘भित्रा’ म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

मनात राग असलेला तक्रारदार कधीच नसतो, असे नाही. परंतु देयक खोटे आहे की खरे, हे त्याच्या रागावरून नव्हे तर नोंदवहीवरून तपासता येते.