झाड लावा, पण कुठलं आणि कुठे?

जून तोंडावर आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: जिथे झाड तिथे पाणी. झाड कुठलंही लावा. ते पाऊस ओढतं, मुळांशी पाणी धरतं, आटलेले झरे जिवंत करतं. दक्षिण आफ्रिकेत पाणी वाचवायच्या नावाखाली झाडं तोडतात, तो लाकूडवाल्यांचा डाव. खाली हात जोडलेले इमोजी. पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मजकुराबद्दल आहे.

पावसाचं लवकर आटपू. ॲमेझॉनसारख्या अफाट जंगलातून उठणारी वाफ पुढे पाऊस होऊन पडते, हे खरं. केपटाउनचा पाऊस मात्र मुख्यतः हिवाळ्यात अटलांटिकवरून येणाऱ्या ढगांचा. उतारावर चार पाइन वाढले म्हणून ते जास्त बरसत नाहीत.

मुळांशी पाणी धरण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. गुरांनी तुडवून टणक झालेल्या उघड्या जमिनीत झाडोऱ्यामुळे पाणी मुरतं. पण मुरलेलं पाणी झाड पितंही, हे मेसेज सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मोकोबुलान इथल्या प्रयोगात नुसत्या गवताच्या पाणलोटात १९६९ मध्ये निलगिरी लावली. नवव्या वर्षी तिथला ओढा पार आटला. पाइन लावलेल्या पाणलोटातला ओढा बाराव्या वर्षी आटला. गवत हिवाळ्यात वाळतं, त्याचं पाणी पिणं थांबतं. निलगिरी बारा महिने हिरवी आणि मुळं खोल. पुढे सोळा वर्षांची झालेली निलगिरी सरसकट तोडली, तरी ओढा पूर्वीसारखा बारमाही व्हायला आणखी पाच वर्षं गेली. झाडांनी जमिनीच्या पोटातला साठाच उपसला होता, तो आधी भरावा लागला.

‘झाड कुठलंही लावा’ हे तर सगळ्यात घातक. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर उटीजवळच्या ग्लेनमॉर्गनचा घ्या. तिथे गवत आणि शोला (डोंगरघळींमधलं सदाहरित, बुटकं रान) यांच्या शेजारशेजारच्या दोन पाणलोटांपैकी एकात निलगिरी लावली, दुसरा तसाच ठेवला. निलगिरीच्या पाणलोटातून येणारं पाणी पहिल्या दहा वर्षांत १६ टक्क्यांनी घटलं. झाडं तोडल्यावर खुंटांतून फुटलेल्या दुसऱ्या पिढीच्या काळात सुमारे २५ टक्क्यांनी. आणि म्हणून निलगिरी काढून तिथे वड-पिंपळ लावा, हेही उत्तर नव्हे. त्या डोंगरांचं मूळ रूप म्हणजे गवताळ माथे आणि घळींमधली शोला. केपटाउनभोवतीच्या डोंगरांवर ते फेनबॉस नावाचं झुडपी रान. आपल्या सड्यांवर माती वीतभरही नसते, पावसाळ्यात फुलं आणि एरवी कातळ. तिथेसुद्धा खड्डे खणून रोपं लावणारे उत्साही भेटतात. तहानलेलं झाड बदलायचं म्हणजे दर वेळी दुसरं झाडच लावायचं असं नाही, हे पचायला जड जातं खरं.

आता लाकूडवाल्यांचा डाव. दक्षिण आफ्रिकेतली ही तोड म्हणजे परक्या, बाहेरून आणलेल्या झाडांची सफाई. ती १९९५ मध्ये तिथले पाणीमंत्री कादर अस्मल यांच्या काळात सुरू झाली, बेरोजगारांना काम देणारी सरकारी योजना म्हणून. १९९८ च्या जलकायद्याने व्यापारी वृक्षलागवड ही ‘ओढ्याचं पाणी घटवणारी’ कृती ठरवली आणि तिला परवाना सक्तीचा केला. लाकूडवाल्यांनी स्वतःच्याच गळ्यात हा फास अडकवून घेतला म्हणायचं का? २०१८ मध्ये केपटाउनकरांवर माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली, त्याच वर्षी तिथल्या ‘वॉटर फंड’ने, म्हणजे पाणलोट सुधारायला उभारलेल्या निधीने, हिशेब मांडला: शहराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवरची परकी झाडं वर्षाला ५५ अब्ज लिटर पाणी खातात, म्हणजे शहराची दोन महिन्यांची गरज.

या कामावर आक्षेप घ्यायला जागा आहे, पण ती मेसेजवाल्यांना सापडलेली नाही. काळ्या वॅटलचं (ही ऑस्ट्रेलियातून आलेली एक बाभूळ) बी जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतं आणि वणवा लागून गेला की गालिच्यासारखं उगवतं. पाइनचं बी वाऱ्यावर लांब जातं. त्यामुळे एकदा करवत चालवून भागत नाही. त्याच उतारावर दर एक-दोन वर्षांनी जाऊन रोपं उपटावी लागतात. मध्येच पैसा थांबला, तर पूर्वीपेक्षा दाट वॅटल माजतो आणि आधी घातलेला पैसाही पाण्यात जातो.