फॉर्मवरचा 'आदिम'

मी रायगड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आठ नावं लिहिते: बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर, बूलियन. हे प्रिमिटिव्ह टाइप, म्हणजे माहितीचे मूळ प्रकार. पुढचा सगळा डोलारा यांच्या जिवावर. या वेळी तास संपल्यावर कातकरी वाडीवरून येणारा एक मुलगा टेबलापाशी घुटमळला. म्हणाला, "मॅडम, प्रिमिटिव्ह म्हणजे आदिम ना? योजनेच्या फॉर्मवर आमच्या जमातीपुढे तेच लिहिलेलं असतं."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना.

लॅटिनमध्ये 'प्रीमुस' म्हणजे पहिला, तिथून हा शब्द आला. गणितात ७ चं एक प्रिमिटिव्ह रूट आहे ३. तीनचे घात करत जा, दर वेळी सातने भागून बाकी लिहा: ३, २, ६, ४, ५, १. एकट्या तीनातून एक ते सहा सगळे आकडे निघतात! जीवशास्त्रात आपल्या हाताची पाच बोटं हे प्रिमिटिव्ह लक्षण, फार जुन्या पूर्वजांकडून आलेलं. घोड्याचं एकच बोट उरून खूर झाला, ते नंतरचं. म्हणून आपल्या हाताला कुणी मागास म्हणतं का? आणि मराठी व्याकरणाने तर यासाठी केवढा मानाचा शब्द ठेवलाय. दुसऱ्या शब्दापासून न बनलेला शब्द तो 'सिद्ध', त्याच्यापासून बनलेला 'साधित'.

माणसांची पाळी आली की मात्र अर्थ फिरतो. १९७५ पासून सरकारने काही जमातींना 'प्रिमिटिव्ह' गटात घातलं. कसोट्या काय, तर शेतीपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता, थांबलेली किंवा घटणारी लोकसंख्या. आज देशात असे ७५ गट आहेत, महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. २००६ मध्ये इंग्रजीतलं नाव बदलून 'विशेष असुरक्षित' अशा अर्थाचं केलं. मराठीत आपण अजून 'आदिम जमाती'च म्हणतो, बातम्यांतही.

मला याचा मनापासून राग येतो. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलं राखीव झाली, खैराला हात लावायची बंदी आली, धंदा बसला आणि माणसं कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर गेली. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि उन्हाळा संपेस्तोवर ती फेडत विटा पाडायच्या. यात आदिम काय आहे? ही गरिबी अलीकडची आहे, ती कुणीतरी आणलेली आहे. 'आदिम' म्हटलं की ती जणू जन्मापासूनचीच होती असं वाटतं, आणि आणणारा सुटतो.

घर द्या, जमिनीचा कागद द्या, शिष्यवृत्ती वेळेवर द्या. फॉर्मवर 'कातकरी' एवढं लिहिलं की पुरे.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, फॉर्म लिहिणाऱ्याचं चुकलंय. मग आम्ही फळ्यावर तीनाचे घात काढले. त्याची आई सध्या भट्टीवर आहे. पावसाच्या तोंडावर ती परत आली, की मुठे, म्हणजे खेकडे, पकडायला वाडीवर या म्हणालाय.