नांगर टाकलात की फेकलात?

शनिवारी संध्याकाळी मांडव्यासमोर तमाशा बघा! लाखोंची शिडाची बोट येते, पुढे उभा हौशी वीर नांगर धपकन पाण्यात सोडतो, जागच्या जागी साखळीचा ढीग त्याच्यावर ओततो आणि लगेच बिअर उघडतो. झालं! अहो, बोट मागे कोण घेणार? इंजिन रिव्हर्सला टाकून नांगर रुतला का, कोण बघणार? खालचा गाळ काय तुमचा जावई आहे, आपणहून हात धरायला?

आणि हिशेब? ओहोटीला 3 मीटर पाणी दिसलं की 15 मीटर साखळीत खूश. इथे उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं, हे कुणी सांगायचं? त्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून मीटरभर वर. झाले 8. साखळी त्याच्या पाचपट धरा, 40 मीटर! छे, एवढी साखळी बोटीवर असते कुठे?

गाळात रुंद पात्यांचा डॅनफोर्थ जातीचा नांगर झकास धरतो. यांनी घेतलाय चकचकीत स्टेनलेसचा, फोटोत छान दिसतो म्हणून. तळाशी कोण फोटो काढतंय?

मग मध्यरात्री भरती चढते, वारा फिरतो आणि साहेबांची बोट थेट आमच्या अंगावर. वर टॉर्च आमच्याच तोंडावर मारून विचारणार, "काय हो, तुमचा नांगर सुटला का?"