सत्येंद्र दुबेंच्या नावाने फिरणारा मेसेज आणि लागूच न झालेला कायदा

27 नोव्हेंबर जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक श्रद्धांजलीचा मेसेज फिरू लागतो. सारांश असा: सत्येंद्र दुबे या प्रामाणिक इंजिनिअरने पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिले, त्यांचे मारेकरी मोकाट सुटले, पण त्यांच्या बलिदानातून जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा झाला, प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याला संरक्षण मिळाले, तेव्हा आता बिनधास्त तक्रार करा. भावना चांगली, तपशील घातक. यावर विसंबून कुणी खरोखर तक्रार केली, तर त्याचे नाव फुटू शकते.

आधी ‘निनावी पत्र’. ते निनावी नव्हतेच. दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, चार महानगरे जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या झारखंडमधील कोडरमा टप्प्यावर होते. नोव्हेंबर 2002 मध्ये त्यांनी अटलबिहारी वाजपेयींना लिहिले: प्रकल्प अहवाल सदोष, निविदा ठरावीक कंत्राटदारांच्या मुठीत, आणि बडी कंत्राटे घेऊन कामे कुवत नसलेल्या पोटकंत्राटदारांच्या गळ्यात. स्वतःची माहिती त्यांनी वेगळ्या कागदावर जोडली होती, ती गुप्त राहावी म्हणूनच. पत्र पंतप्रधान कार्यालयातून खात्यात गेले ते त्या कागदासकट. ज्या ज्या टेबलावर फाइल थांबली, तिथे नाव कळले.

‘मारेकरी मोकाट’ हेही चूक. 27 नोव्हेंबर 2003 रोजी बिहारमधील गया स्टेशनावरून घरी परतताना त्यांना गोळी घातली गेली. सीबीआयने तपास केला आणि मार्च 2010 मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. खून लुटीतून झाला, हे तपासातले म्हणणे कुटुंबीयांना पटले नाही, आणि त्यांची शंका समजण्यासारखी आहे. पण पत्रामुळेच मारले हे न्यायालयात सिद्ध झाले, असेही कुणी लिहू नये.

आता मुख्य मुद्दा, ‘कायदा झाला’. झाला, पण कागदावर. जागल्या संरक्षण कायद्याला मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून लागू व्हायचा होता. ती अधिसूचना निघालीच नाही. उलट 2015 मध्ये कायदा पातळ करणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे राज्यसभेत अडकून आपोआप बाद झाले. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड, हे कलम वाचायला उत्तम आहे. त्याखाली आज कुणावर खटला भरता येत नाही.

आज हातात आहे तो एप्रिल 2004 चा केंद्र सरकारचा ठराव. दुबेंच्या खुनानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तो निघाला. त्यानुसार नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी केंद्रीय दक्षता आयोगावर आहे, पण तक्रार ठरलेल्या पद्धतीनेच जायला हवी. पाकीट बंद हवे, त्यावर ती जनहितार्थ प्रकटीकरणाची (Public Interest Disclosure) तक्रार असल्याचे ठळक लिहावे आणि ती आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली 110023 इथे टपालाने पाठवावी. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नको. आत मात्र नाव-पत्ता हवाच, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. नाव-पत्ता मजकुराच्या सुरुवातीला, शेवटी किंवा सोबतच्या पत्रात द्यावा.

घोटाळा होतो तो मधल्या मजकुरात. ‘मी त्या बिलावर शेरा मारला होता’ असे एक वाक्य लिहिले की नाव झाकूनही माणूस ओळखू येतो, कारण तो शेरा मारणारा खात्यात एकच असतो. बिल क्रमांक, तारीख, रक्कम द्या; आपला हात कुठे लागला ते देऊ नका. ईमेलने किंवा पोर्टलवर पाठवलेल्या तक्रारीला हे संरक्षण नाही. प्रत मंत्र्याला किंवा पत्रकाराला पाठवली, तर गुप्तता तिथेच संपली.

शेवटचा दावा: ‘प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याला संरक्षण’. नाही. आयोगाचे अधिकारक्षेत्र केंद्र सरकार, त्याच्या कंपन्या आणि त्याच्या ताब्यातल्या संस्था एवढेच. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेल भेसळ करणाऱ्यांनी जाळून मारले. त्याच साखळीची माहिती आज कुणाकडे असेल, तर सरकारी तेल कंपनीच्या डेपोतल्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार आयोगाकडे चालेल. राज्याच्या पुरवठा निरीक्षकाविरुद्धची चालणार नाही. राज्य कर्मचाऱ्यांबाबतच्या तक्रारींची तरतूद 2014 च्या कायद्यात होती.