एचडीआर आहे, उजेड तेवढा नाही

मला एक सांगा राजेहो, टीव्हीच्या खोक्यावर सोनेरी अक्षरात एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार खऱ्यासारखा दाखवणारं चित्र, असं लिहिलंय, अन् घरी पिक्चर लावला तर हीरोचे फक्त दात दिसून राहिले, तर माणसानं जावं कोणाकडे? आमच्या नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात हाच ५५ इंची टीव्ही असा झळकत होता की सेल्समनशी भाव करताना मी डोळे बारीक केले होते. पण तिथं चालू होता डेमो. पोपट, फुलं, कापलेलं कलिंगड. डेमोवाल्यांच्या देशात रात्र होतच नाही, हे घरी आल्यावर कळलं.

घरी आम्ही वेब सिरीज लावली, महागडा प्लॅन घेऊन, कारण एचडीआर स्वस्तातल्या प्लॅनमध्ये देत नाहीत. कोपऱ्यात एचडीआरचा शिक्का झळकला अन् त्या शिक्क्याएवढं ब्राइट नंतर काहीच आलं नाही. जंगलात कोणीतरी कोणाला तरी मारलं. कोणी मारलं हे बायकोनं आवाजावरून ओळखलं. आई आतून म्हणाली, "लाईन गेली काय रे?"

शेजारचे भाऊ आले. "व्होल्टेज कमी असन, साऱ्या गल्लीचे कूलर चालून राहिले." मी त्यांना टीव्हीच्या मागचं लेबल दाखवलं, १०० ते २४० व्होल्टवर चालतो म्हणून स्पष्ट लिहिलंय. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं अन् घरून स्टॅबिलायझर घेऊन आले. तो अजून आमच्याकडेच आहे.

मग आला भाचा, इंजिनीअरिंगवाला. त्यानं रिमोट असा हातात घेतला जसा काही ऑपरेशनला उभा आहे. पहिलं ज्ञान हे की 'ब्राइटनेस' नावाचं जे बटण असतं ते बऱ्याच टीव्हीत उजेड वाढवतच नाही, फक्त काळ्याचा राखाडी करते, खरा उजेड 'बॅकलाइट'मध्ये, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यात. आता हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. दुसरं, एनर्जी सेव्हिंग कंपनीतूनच चालू येतं, अन् सोबत एक सेन्सर, जो खोलीत अंधार झाला की टीव्ही अजून मंद करतो. दोन्ही बंद. अन् तिसरं तर कमालच, एचडीआरची सेटिंग वेगळी असते, एचडीआर पिक्चर चालू असतानाच ती बदलता येते, म्हणजे बातम्या लावून तुम्ही दिवसभर कितीही खटपट करा, रात्रीच्या सिरीजला त्याचा पत्ताच नाही!

त्यानं सिनेमा मोड लावला. हाच बरोबर रंग म्हणे. आईनं पाहिलं अन् म्हणाली, "या साऱ्यांना कावीळ झाली काय?" व्हिव्हिड मोड लावला तर गवत असं हिरवं की आमच्या नागपुरात पावसाळ्यातही दिसत नाही.

"मामा," शेवटी भाचा म्हणाला, "तुमच्या टीव्हीत निट्सच नाहीत."

निट म्हणजे उजेडाचं माप. जुन्या साध्या सिग्नलमध्ये फक्त किती टक्के उजेड एवढंच असते, त्यामुळं टीव्ही आपल्या मर्जीनं बॅकलाइट फुल करून मोकळा होतो. एचडीआर मात्र आकडाच सांगतो, हा दिवा इतके निट्स, तो चेहरा तितके. त्याचं मोजमाप पार १०,००० निट्सपर्यंत जाते, पिक्चर बहुतेक १,००० किंवा ४,००० धरून बनवतात, अन् आमचा टीव्ही कसाबसा ३०० वर दम टाकतो. मग तो टोन मॅपिंग करतो, म्हणजे सिग्नलमधला उजेड आपल्या ऐपतीत बसवतो, जशी तीन प्लेटांपुरती तर्री दहा प्लेट पोह्यांवर वाढावी. खोक्यावरच्या एचडीआरचा अर्थ इतकाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. दाखवता येते असं कोणी म्हटलंच नव्हतं. ही मला तरी चक्क लबाडी वाटते, पण कायदेशीर लबाडी.

त्यात मे महिना. दुपारी गच्चीवर वाळत टाकलेली पांढरी चादर २५,००० निट्सच्या आसपास चमकत असते, अन् तिचा उजेड आमच्या हॉलच्या खिडकीतून सरळ ३०० निट्सवाल्यावर. टीव्ही बिचारा काय करणार!

तरी तक्रार केली. टेक्निशियन आला, घाम पुसला, माठातलं पाणी प्यायला, खिशातून पेनड्राइव्ह काढला अन् लावला. पोपट. फुलं. कलिंगड. "पाहा सर, पिक्चर तर एकदम क्लियर आहे." मी म्हटलं, रात्रीचा सीन लावा ना भाऊ. तो म्हणाला, "पेनड्राइव्हमध्ये रात्र नाही सर. ओटीपी सांगा, कम्प्लेंट क्लोज करतो."

आता डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे सीन पाहून तर्री वाढणं, चालू करून, हॉलचा ट्यूबलाइट बंद करून, रात्री जेवणं झाल्यावर पाहिलं तर खून कोणी केला ते दिसते. चाकू नाही दिसत, पण माणूस दिसतो. दिवसा टीव्ही आईकडे. तिच्या मालिका सेट टॉप बॉक्सवरच्या, साध्या, एचडीआरचं नावसुद्धा नाही, त्यामुळं बॅकलाइट फुल, सासूची नथ अन् सुनेचं मंगळसूत्र हॉलभर लखलखते. परवा शेजारचे भाऊ येऊन आईसोबत अख्खा एपिसोड पाहून गेले. जाताना म्हणाले, "पाहा, स्टॅबिलायझर लावला अन् कसा फरक पडला!"