ती धडधाकट दिसत होती, तेव्हाच न्यायला हवं होतं

आमची मांजर मनी गेली तेव्हा दहा वर्षांची होती. शेवटच्या महिन्यापर्यंत ती अगदी ठणठणीत होती, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. आता तसं म्हणवत नाही. पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं होतं. वाळूचा ट्रे सारखा साफ करावा लागत होता. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. हे सगळं मला दिसत होतं आणि मी त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देत होते. रक्त तपासलं तोवर मूत्रपिंडांनी जवळजवळ हात टेकले होते.

मांजराच्या मूत्रपिंडांचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही कळतच नाही. रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीत मात्र त्याचा माग बऱ्याचदा आधी लागतो. दुखणं लपवणं या प्राण्यांच्या रक्तातच आहे, कारण अशक्त दिसला तो आधी शिकार झाला. पक्षी तर पार गळून जाईपर्यंत दांडीवर ताठ बसून राहतात. ससा खाणं थांबवतो, तेवढीच त्याची तक्रार. त्यानं अर्धा दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर सकाळची वाट बघू नका.

म्हणून माझं मत ठाम आहे: प्राणी हसतखेळत असतो, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेणं सगळ्यात महत्त्वाचं. वर्षातून एकदा तरी, आणि सातएक वर्षांचा झाला की दर सहा महिन्यांनी. “काही झालेलं नाही, मग उगाच कशाला?” हे ऐकलं की मला आतून तुटतं. मीही हेच म्हणत होते.

लसींचंही तसंच. पिल्लाला एक इंजेक्शन दिलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते आणि तीच सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. ती नक्की कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत निदान सोळा आठवड्यांपर्यंत जावं लागतं, आणि पुढे बूस्टर. मधला एखादा डोस चुकला तर डॉक्टरांना लगेच विचारा. “आमचा बाहेर जातच नाही” हेही खरं नाही, कारण बाहेर आपण जातो. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. रेबीजबद्दल तर काय बोलायचं? लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळपास कुणीच वाचत नाही, प्राणीही नाही आणि माणूसही नाही.

एक कळकळीची विनंती. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन असतं आणि मांजराला ते जिवावर बेतणारं विष आहे. पॅरासिटामॉलची आपली गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. प्रेमापोटी केलेल्या या चुका आहेत, म्हणून जास्त दुखतात.

आणि वजन. 2002 साली लॅब्राडॉर कुत्र्यांवरचा एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं. कमी खाणारे भरपूर खाणाऱ्यांपेक्षा साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, हे ज्यांनी कुत्रा गमावलाय त्यांना विचारा. पाच किलोच्या मांजराचं अर्धा किलो घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटणं. डोळ्यांनी ते कळत नाही, काट्यावर कळतं.

दात वर्षातून एकदा तपासून घ्याच. तोंडाला वास येणं हे वयाचं लक्षण नसतं. गाढ झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जायला लागले, तर हृदय तपासून घ्या. घड्याळ लावून मोजायला एक मिनिट लागतं.

आता आमच्याकडे चिमी आहे. तान्ह्या बाळांसाठी असतो तसला वजनकाटा आणलाय आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिचं वजन वहीत लिहिते. मागच्या महिन्यात दोनशे ग्रॅम कमी भरलं. खात होती, उड्या मारत होती, घरातले म्हणाले थांब जरा. मी त्याच संध्याकाळी नेलं. आतली एक दाढ मुळाशी सडली होती. ती काढली, आणि आज सकाळी वहीत पुन्हा चार किलो लिहिलं.